खटकेमामा आणि बिनआवाजाचा कॅमेरा

आमच्या त्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा बायकोला मारतो. नुसतं 'मारतो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही वाटत नाही, म्हणून नीट सांगते. आधी एक थप्पड. ती सावरून उभी राहते, तर दुसरी, उलट्या हाताची. मग केस धरून तो तिला टेबलापासून दारापर्यंत फरफटत नेतो, दारावर डोकं आपटतो, ती कोसळली की बरगड्यांत लाथ घालतो आणि शेवटी कमरेचा पट्टा काढतो. पट्टा वर गेला की अंधार. अंधारात नुसते पट्ट्याचे आवाज. पडदा पडल्यावर प्रेक्षागृहात क्षणभर श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही, आणि मग टाळ्यांचा कडकडाट. मी त्यात सासू होते. हे सगळं चालू असताना मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लोकर विणायची, मान वर करायची नाही, असं दिग्दर्शकांनी सांगितलं होतं. इतकी सोपी भूमिका मला कधी मिळाली नाही, आणि इतकी वाईटही नाही.

या मारामारीचे फोटो काढायला खटकेमामा यायचे.

खटके हे त्यांचं आडनाव नव्हे. नवीन मुलं त्यांना 'खटके सर' म्हणायची आणि ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचे नाहीत. नाव पडलं होतं त्यांच्या कॅमेऱ्यावरून. जुना, जाडजूड डीएसएलआर. फोटो काढताना आतला आरसा वर उडायचा आणि खाली आपटायचा, त्याचा 'खटॅक' असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. पकडीवरचं रबर झिजून निघालं होतं, तिथे त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. ओझ्याने त्यांचा एक खांदा कायमचा उतरलेला. एका शिंप्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती, त्यातच स्टुडिओ, त्यातच संसार.

प्रेमाच्या प्रवेशात मामा चहा प्यायला बाहेर जायचे. "मिठीत काय काढायचं, बाई? दोन पाठी दिसतात," म्हणायचे. पण कुठल्याही नाटकात हाणामारी असली की निर्माते त्यांनाच बोलवायचे. तलवार गळ्याशी थांबलेली, खुर्ची हवेत, पडणाऱ्याचा पाय जमिनीपासून सुटलेला, असा नेमका क्षण त्यांच्या बोटाखाली सापडायचा. एका नाटकात सुऱ्याचा वार चुकून खरा लागला, तेव्हा त्या नटाच्या मांडीतून उडालेलं रक्तसुद्धा त्यांच्या फोटोत हवेतच होतं. तो फोटो त्यांनी कुणाला दिला नाही. त्या नटाला मात्र दवाखान्यात जाऊन दाखवला, तो म्हणाला, "मामा, माझा चेहरा बरा आलाय."

त्यांना लग्न, मूलबाळ काही नव्हतं. बहीण लवकर गेली, तिची मुलगी त्यांनी वाढवली. फोटोच्या पिशव्यांबरोबर तीही विंगेत यायची, पडद्याच्या दोरखंडांवर झोपायची. पुढे तीच नटी झाली. या नाटकात मार खाणारी बायको ती होती. आमच्या कंपनीत तिला सगळे भाचीच म्हणायचे, नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आणि नवरा होते राजे. तरुणपणी एकामागून एक राजांच्या भूमिका केल्या म्हणून राजे. मी त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. त्यांच्यासारखं वाक्याच्या मध्ये थांबणारा नट मी पाहिला नाही. ते थांबले की हजार माणसं थांबायची. सेट उभारणाऱ्या पोरांना स्वतःच्या हाताने चहा द्यायचे. आणि त्याच हाताने एकदा इस्त्रीवाल्याचा दात पाडला होता, कॉलर नीट झाली नाही म्हणून. आम्ही म्हणालो, मोठा नट आहे, डोकं गरम असायचंच. माणसं कशाकशाला मोठेपणाच्या खात्यात टाकतात, याला सुमार नाही.

रंगभूमीवरची थप्पड कशी असते तेही सांगायला हवं. मारणाऱ्याचा हात गालासमोरून जातो, गालाला लागत नाही. समोरच्या प्रेक्षकाला मधलं अंतर दिसत नाही. आवाज करायचा तो मार खाणाऱ्याने, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या हाताने, दुसऱ्या तळव्यावर किंवा मांडीवर. याला आमच्यात 'टाळी देणं' म्हणतात. टाळी नीट दिली की शेवटच्या रांगेतली बाई स्वतःचा गाल धरते.

त्या वर्षी मामांच्या मागे नव्या कॅमेऱ्याचा तगादा लागला. प्रयोग चालू असताना खटॅक खटॅक होतं अशी प्रेक्षकांची तक्रार आली आणि दिग्दर्शकांनी मामांना विंगेत गाठलं. ते वयाने मामांपेक्षा लहान, पण कंपनीत सगळे त्यांना सर म्हणायचे.

"मामा, आता बिनआवाजाचे कॅमेरे आलेत. मिररलेस. तसला घ्या, नाहीतर फक्त तालमीला या."

"सर, तालमीत माणसं हात राखून मारतात. प्रयोगाचा रंग वेगळा."

"म्हणून तर म्हणतोय, घ्या."

भाची तर आधीपासूनच त्यांच्या मागे लागली होती. मी त्यांच्या खोलीवर गेले की हाच वाद ऐकायला मिळायचा.

"मामा, मिररलेस घे. आवाज नाही, वजन नाही."

"वजन नाही हा काय गुण झाला? माणसालासुद्धा थोडं वजन असावं."

"त्यात फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच दिसतं."

"मग काढायचा कशाला?"

"बाई, तुम्ही सांगा ना याला काही."

"मी काय सांगू," मी म्हणायची. "मला फोटोत आपण जाड दिसतो एवढंच कळतं."

मामांचं म्हणणं असं, की त्या नव्या कॅमेऱ्याच्या खिडकीत छोटा टीव्ही असतो. "टीव्ही बघायला मी नाटकाला जातो का? माझ्या कॅमेऱ्यात आरशातून का होईना, पण खरा उजेड येतो. नटाच्या अंगावर पडलेला, तोच माझ्या डोळ्यात." शिवाय जुन्या लेन्स, शिवाय त्याची बॅटरी लवकर संपते. शिवाय बरंच काही. घ्यायचा नसला की माणसाला कारणं सुचतात. भाड्याने कॅमेरे देणारा दुकानदार त्यांचा जुना मित्र. तो म्हणायचा, "नेऊन तर बघा." मामा काउंटरवरचा कॅमेरा हातात घ्यायचे, पक्ष्याचं पिल्लू धरावं तसा, आणि परत ठेवायचे.

असं चाललेलं असताना एका दुपारच्या प्रयोगाआधी मी रंगपटात भाचीच्या पाठीवरची चेन लावत होते. ती चेन अर्ध्यावर अडकली म्हणून मी कापड बाजूला केलं. बरगड्यांवर हाताएवढा डाग होता, मध्ये जांभळा, कडेने पिवळा. त्याच्या खाली दुसरा, जुना. खांद्याच्या मागे पट्ट्याच्या बक्कलचा चौकोन उमटला होता.

"हे काय गं?"

ती आरशात बघत पावडर लावत होती. "राजे मारतात," ती म्हणाली. "खरं मारतात. डाव्या कानात शिट्टी वाजते माझ्या, थांबतच नाही. बऱ्याच प्रयोगांना टाळी द्यायची मी सोडली. गरज पडत नाही."

मी तिला तशीच हाताला धरून दिग्दर्शकांकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी राजांना बोलावलं. राजे अर्ध्या मिशीनिशी आले आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोरगी पडते कशीही, आणि लागलं की माझं नाव," ते म्हणाले. "सर, तो फोटो बघा की."

रंगपटाच्या भिंतीवर मामांचा एक फोटो लावलेला होता. बाजूच्या विंगेतून काढलेला, त्यामुळे थप्पड आणि गाल यांच्यातलं अंतर स्वच्छ दिसायचं. दिग्दर्शक तो नवीन मुलांना दाखवायचे, काम किती सफाईने करावं म्हणून. मामांच्या इतर प्रयोगांतल्या फोटोंतही तसंच होतं. एकातही हात गालाला लागलेला नव्हता.

मामा तिथेच दारात पिशवी घेऊन उभे होते. दिग्दर्शकांनी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही तर इतक्या प्रयोगांना असता. तुम्हाला काय वाटतं?"

मामांनी भाचीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "तिला लागलंय ते खरंच आहे," ते म्हणाले. "पण थप्पड... मी बाजूलाच असतो ना. मला दिसलं असतं."

भाचीने मिशीच्या गोंदाची बाटली उचलली, राजांच्या हातात दिली आणि म्हणाली, "चला, घंटा होईल." त्या दिवशी मामांचा खटका वाजला आणि थप्पड हवेतून गेली. मी विणता विणता टाळीचा आवाज ऐकला. तिने त्या दिवशी टाळी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या खोलीवर गेले. भाची खिडकीत बसली होती, मामांशी बोलत नव्हती. मामा रात्री जेवलेले दिसत नव्हते. त्यांनी माझ्यापुढे टेबल ओढलं आणि म्हणाले, "बाई, यावर जोरात हात मारा. मी सांगितलं की."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी हात मारला. खटॅक. पुन्हा मारायला लावला. पुन्हा खटॅक. माझा तळवा लाल झाला तसे ते थांबले.

"हात वर दिसतो," ते म्हणाले. "मग अंधार. मग हात टेबलावर दिसतो. फोटो निघतो तेव्हा आरसा वर जातो, खिडकी बंद होते. मधलं कॅमेऱ्याला दिसतं, मला नाही. जन्मभर मारामाऱ्या काढल्या, बाई, मी एकही थप्पड पाहिलेली नाही. आणि काल सगळ्यांसमोर म्हणालो, मला दिसलं असतं."

"पण फोटोत तर दिसतं ना," मी म्हणाले. "फोटोत अंतर आहे."

"फोटो खरेच आहेत," भाची खिडकीतून म्हणाली. तेवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली. "मामा असला की तो मारत नाही. पहिल्या अंकात खटका ऐकू आला, की त्याला कळतं. मग त्या दिवशी हात कसा हवेतून जातो. आणि खटका नसला की त्या दिवशी माझी खैर नसते. मामा, तुझ्या प्रत्येक फोटोने मीच खोटी पडलेय."

मामा खाली बसले. म्हणाले, "मग मी रोज येतो. सरांना काय म्हणायचं ते म्हणू देत. खटके मारत बसतो."

"आणि दौऱ्यावर? पुढच्या नाटकात? मामा, मला राखण नकोय. मला कुणीतरी खरं म्हणायला हवंय. तुझ्यासकट." ती उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. "तो बिनआवाजाचा कॅमेरा आण. वरच्या बाजूच्या गॅलरीत अंधारात बस, तिथून अंतर दिसतं. तू नाहीस असं त्याला वाटू दे."

"म्हणजे तू मार खाणार आणि मी गप्प बसून बघणार."

"मी तसाही खातेय."

"मी उठेन. मला नाही बसवणार."

"उठलास तर माझा मार फुकट जाईल. आणि ऐक, नुसता गाल नको काढूस. माझे हात फोटोत यायला हवेत. दोन्ही."

"हात कशाला?"

"काढ तू. मग सांगते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? इतकी वर्षं लोकांनी लिहिलेल्या वाक्यांवर जगले, स्वतःचं एक वाक्य सुचेना.

दुकानदाराला वाटलं, म्हातारा अखेर वळला. त्याने आनंदाने सगळं समजावलं. आवाज बंद करायचं बटण कुठे, खिडकीतला उजेड कमी कसा करायचा, काळजी कसली घ्यायची. "एक मात्र आहे मामा, बिनआवाजात काढताना एखादी वस्तू फार वेगाने हलली तर फोटोत वाकडी येते. पंख्याचं पातं केळ्यासारखं दिसतं. आणि काही दिव्यांखाली पट्टे पडतात." मामा मान हलवत ऐकत होते. त्यांना काही ऐकू येत होतं असं मला वाटत नाही.

प्रयोग दुपारचा होता, नाट्यगृह भरलेलं. पहिल्या अंकात एकही खटका वाजला नाही. विंगेत राजे माझ्या शेजारी उभे होते, ते कान देऊन ऐकत होते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "खटके नाहीत वाटतं आज," ते म्हणाले आणि त्यांनी मान दोन्ही बाजूंना मोडून घेतली, कुस्तीला उतरताना मोडतात तशी.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी खुर्चीत जाऊन बसले, सुया हातात घेतल्या. आणि मान वर केली. इतक्या प्रयोगांत पहिल्यांदा.

राजांचा हात आला. भाचीने स्वतःचे दोन्ही हात अंगापासून लांब नेले, तळवे उघडे, बोटं पसरलेली, 'माझ्याकडे काही नाही' असं दाखवावं तसे. थप्पड कानशिलावर बसली. ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला आणि तो शेवटपर्यंत गेला, कारण वरच्या मजल्यावर कुणीतरी 'आई' म्हणालं. तिची मान फिरली, पण हात तसेच राहिले. उलट्या हाताची दुसरी डाव्या कानावर बसली. तिच्या तोंडातून थुंकी आणि रक्त माझ्या लोकरीवर उडालं. राजांच्या डोळ्यांत मी राग शोधत होते. राग नव्हता. तिथे फक्त मजा होती, मूल किडा चिरडतं तशी. त्यांनी केस धरले, तिला ओढत नेलं, दाराची चौकट हलली, वरून भुसा पडला. लाथ बसली तेव्हा तिचं अंग गुडघ्यांशी दुमडलं, आणि तरी तिने दोन्ही तळवे जमिनीवर उघडे ठेवले, प्रकाशात. मग पट्टा. मग अंधार. अंधारात मी उठून उभी राहिले, सुया हातात उलट्या धरून, आणि त्या कुठे खुपसायच्या हेही माझं ठरलं होतं. दिवे लागले तेव्हा राजे विंगेत निघून गेलेले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

वर गॅलरीत काय झालं ते मामांनी मला नंतर सांगितलं. "बाई, अंधार झालाच नाही. आरसाच नाही ना त्यात. हात निघाला तिथपासून तिचा गाल चपटा झाला तिथपर्यंत सगळं दिसत राहिलं. मी बोट दाबतोय आणि दिसतंय, दाबतोय आणि दिसतंय. एकदा तरी खिडकी बंद व्हावी म्हणून मी वाट बघत होतो." दुसऱ्या हाताचं मनगट त्यांनी दातांत धरलं होतं. खाली आले तेव्हा बाहीला रक्त होतं.

भाचीच्या कानातून बारीक लाल धार येत होती. मी प्रयोग थांबवा म्हटलं. ती म्हणाली, "कापूस द्या, बाई." तिसरा अंक तिने कापसानिशी केला, एक वाक्यही पडू दिलं नाही.

प्रयोग संपल्यावर राजे रंगपटात मेकअप पुसत होते. दिग्दर्शक खुशीत होते, प्रयोग रंगला होता म्हणून. मामा आत आले, कॅमेरा गळ्यात. त्यांनी दिग्दर्शकांसमोर कॅमेऱ्याचा मागचा पडदा धरला आणि एकेक फोटो पुढे सरकवत राहिले.

राजांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "हा कुठला फोटो? हात बघा, कोपरापासून केळ्यासारखा वाकलाय. असा हात असतो का माणसाचा? खोटा आहे."

ते खरंच होतं. वेगामुळे राजांचा हात वाकडा आला होता, दुकानदार म्हणाला होता तसा. दिग्दर्शकांनी भुवई चढवली.

"सर," भाची म्हणाली, "राजांचा हात राहू दे. माझे बघा."

दिग्दर्शकांनी कॅमेरा डोळ्यांजवळ घेतला. थपडेच्या फोटोत तिचे दोन्ही तळवे स्वच्छ, स्थिर, उघडे, एक इकडे आणि एक तिकडे. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्यातही. ते पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी शेवटच्या रांगेमागे उभा होतो. दोन्ही थपडा मला ऐकू आल्या. टाळी कुणी दिली?"

ते राजांकडे वळले.

"राजे, टाळी कुणी दिली?"

"टेप वाजली असेल."

ध्वनी सांभाळणारा दारात वायर गुंडाळत होता. तो म्हणाला, "राजे, आपल्या टेपवर फक्त दाराची बेल आहे."

कुणीतरी हसलं, आणि तेवढं पुरलं. राजांनी मामांच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा धरून त्यांना खेचलं, कपाळ आरशाच्या कडेवर आपटलं, आरसा तडकला. भुवई फाटून मामांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. मग एका बुक्कीने ते खाली गेले, पण कॅमेरा त्यांनी पोटाखाली घेतला आणि त्यावर कासवासारखे बसले. राजे पाठीत लाथा घालत होते, "दे तो, दे." मग काय झालं मला नीट दिसलं नाही, पण राजे ओरडले. मामांनी त्यांच्या हाताचा चावा घेतला होता. सेटच्या पोरांनी राजांना मागे ओढलं, तरी मामा हात सोडेनात. ज्या पोरांना राजे चहा द्यायचे त्यांनीच त्यांचे खांदे धरले होते, आणि त्यातला एक रडत होता.

भाची मामांजवळ बसली. "सोड आता," ती म्हणाली. "सोड, मामा. पाहिलं सगळ्यांनी."

तेव्हा त्यांनी जबडा उघडला.

राजांना नाटकातून काढलं. आधी दिग्दर्शकांनी, मग कलाकारांच्या संघटनेने. दौरा रद्द झाला. बरीच माणसं मामांवर नाराज झाली, तोंडावर नाही पण चहाच्या टपरीवर, की एका कानापायी इतक्यांचं काम गेलं. मला त्या माणसांचाही राग येत नाही. त्यांच्या घरी चुली होत्या. एकाने तर मला विचारलं, "बाई, तुम्ही शेजारी बसायचात, तुम्हाला नाही दिसलं?" मी म्हटलं, "मी विणत होते." तेच खरं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. पडदा फाटला होता. उजवा ठीक, डाव्याचं सांगता येत नाही, भरलाच तर थोडं ऐकू येईल. भाचीने विचारलं, "नाटकात काम करता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "येईल. संवाद कुठल्या बाजूने येतात ते बघून उभ्या राहा." ती म्हणाली, "ते मी आधीपासून बघते."

परत येताना टॅक्सी त्या दुकानाशी थांबवली. कॅमेरा परत करायचा होता. भाची गाडीतच बसली, मी मामांबरोबर आत गेले, कारण सुजलेल्या डोळ्याने त्यांना पायरी दिसत नव्हती. दुकानदाराने आधी मामांच्या भुवईवरचे टाके पाहिले, मग कॅमेऱ्याच्या कोपऱ्यावरचा खड्डा, आणि खड्ड्याबद्दल काही बोलायचं नाही असं त्याने ठरवलेलं मला दिसलं.

"कसा वाटला, मामा?"

"फार चांगला आहे. त्याच्यातून काही सुटत नाही."

"मग घ्या की. तुमच्या हाताला बसलाय."

मामांनी तो काउंटरवर ठेवला. थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. "नको," ते म्हणाले. "मला आवाज करणाराच बरा."

"अहो, पण प्रयोगाला आत घेणार नाहीत तुम्हाला."

"तालमीला घेतील. मी बसलोय हे कळायला हवं. ज्याला कळायचं त्याला."

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्याने कॅमेरा पुसून काचेच्या कपाटात ठेवला. आम्ही बाहेर आलो. मामा टॅक्सीत भाचीच्या डाव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "परत केला. घेतला नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मामा पुन्हा म्हणाले, मग त्यांच्या लक्षात आलं. ते उतरले, टॅक्सीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले, मला उतरवून डाव्या बाजूला पाठवलं आणि तिच्या उजव्या बाजूला बसले. "घेतला नाही म्हटलं," ते इतक्या मोठ्याने म्हणाले की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

"का?"

"तो हातात असला की मला गप्प बसावं लागतं."

ती त्यांच्याकडे वळली. "आणि उद्या आणखी कुणी आली, माझ्यासारखी, तर?"

"तर भाड्याने आणीन," मामा त्याच आवाजात ओरडले. "पण घरात ठेवणार नाही."

"एवढं ओरडू नकोस," भाची म्हणाली. "एक कान आहे अजून."